खिळे घरी जाऊन काढ

"आकारामकाका, निस्ता हात लावून बघा की! मधोमध तडकलंय ह्ये!"

क्रांतीनं गडमुडशिंगीच्या घरून लाकडी पेटी परत ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्येच आणली होती. आत शेवयांचं यंत्र, राजकोटहून आलेलं, नवंकोरं! आणि त्याच्या ओतीव बिडाच्या अंगाला बोट जाईल एवढी चीर. या यंत्राच्या भरवशावर तिनं सूतगिरणीतलं काम सोडलं होतं, अख्ख्या गल्लीच्या उन्हाळी शेवया अंगावर घेतल्या होत्या.

सव्वीस वर्षं या टेबलावर बसलेल्या आकाराम क्लार्कनं चष्मा पुसला, पावतीवरची तारीख बघितली.

"पंधरा दिस झालं पोरी! इतकं दिस काय केलंस?"

"पेटी नेली आन् दुसऱ्या दिशी मामंजी गेलं. सुतकात नवी वस्तू कोण उघडतंय? तेरावं झालं, तवा काल खिळं काढलं."

झालं! पावतीच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत अटींची रांग होती. माल नेल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार नाही आली, तर कंपनी जबाबदार नाही. पुढच्या बाजूला 'माल सुस्थितीत मिळाला' आणि खाली क्रांतीचीच सही.

तरी आकारामनं मॅनेजरला फोन लावला. उदयसिंह पलीकडून हसला. "सुतकाची सवलत कुठल्या अटीत हाय, आकाराम? दाखवा, लगेच देतो." फोन बंद.

"मी सहीआधी उघडणारच हुते काका," क्रांती म्हणाली. "तुमीच म्हनलासा, खिळं घरी जाऊन काढ."

म्हणाला होता. सगळ्यांनाच म्हणायचा. गोडाऊनमध्ये खिळे सांडले की टेम्पोची टायरं पंक्चर व्हायची, म्हणून.

क्रांतीनं यंत्रावरचा भुसा पदरानं पुसला, झाकण लावलं.

"ऱ्हाऊ द्या. तुमी तरी काय करणार?"

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं!

ती गेल्यावर आकारामनं कपाटातून हातोडा काढून टेबलावर ठेवला. तेवढ्यात गोमटेशशेट दुकानाच्या तीन पेट्या न्यायला आले.

"शेट, आदी उघडून बघा. मग सही."

"हितं? आन् टायरं?" शेट खो खो हसले. "सव्वीस वर्षांचा इस्वास हाय की आमचा!"

पावती मांडायला जागा हवी, म्हणून त्यांनी हातोडा बाजूला सारला आणि सही केली.