गोठलंय, परत पाठवा

लॅबमधल्या या बाईला वॉर्डातल्या सिस्टर पाठीमागे परतबाई म्हणायच्या. बावीस वर्षं ती रक्त तपासत होती, आणि आलेले निम्मे नमुने, असं सिस्टरांचं म्हणणं, 'गोठलंय, परत पाठवा' असा शेरा मारून वर धाडत होती. तिच्या कानावर ते आलं होतं. पण तिचं तरी काय चुकत होतं? इवल्याशा टाचेला टोचायचं, पिळून पिळून थेंब काढायचे, बाटली हलवायची नाही, मग रक्त गोठणार नाही तर काय होणार! गोठलं की प्लेटलेट एकमेकींना चिकटून बसतात, मशीनला मोजता येत नाहीत, आणि आकडा उगाचच कमी येतो.

खरं-खोटं करायची रीत साधी होती. एक थेंब काचेवर पसरायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा. गठ्ठे दिसले तर रक्त गोठलंय, नाही दिसले तर आकडा खरा. दहा मिनिटांचं काम.

त्या दिवशी सकाळी तिच्या भावजयीला त्याच हॉस्पिटलात मुलगी झाली, लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर. भावाने तीनदा फोन केला, ताई, वर ये ना. हिचे हात मशीनवर आणि जीव वरच्या मजल्यावर. बारा वाजता कुठल्याशा बाळाचा नमुना आला. प्लेटलेट अकरा हजार; असायला हव्यात दीड लाख. तिने बाटलीवरचा नंबर बघितला, नाव नेहमीप्रमाणे बघितलंच नाही. काचही केली नाही. शेरा मारला आणि जिना चढली.

भाचीला तिने पाऊण तास मांडीवरून खाली ठेवलं नाही. पोरीच्या कपाळावर, छातीवर बारीक लाल ठिपके होते. भावजयीने विचारलं तेव्हा म्हणाली, बाहेर येताना दाब पडतो गं, जातील दोन दिवसांत. चौथ्या महिन्यात भावजयीला ताप येऊन गळ्याशी गाठी आल्या होत्या, तेव्हाही सगळ्या घराने हिच्याकडेच बघितलं होतं. व्हायरल आहे, आपोआप उतरेल, असं हिने ठोकून दिलं होतं. तो उतरलाही होता.

अडीच वाजता त्याच बाळाचा दुसरा नमुना आला. नऊ हजार. या खेपेला तिने काच केली. गठ्ठा एकही नव्हता. शोधशोध शोधून दोन-चार प्लेटलेट सापडल्या. वॉर्डात कळवायचं म्हणून तिने नाव वाचलं. नवजात बाळाच्या बाटलीवर आईचंच नाव असतं. ते भावजयीचं होतं.

फोन तिने अगदी नीट केला. आकडा सांगितला, समोरच्याकडून परत म्हणवून घेतला, वेळ लिहिली. मग पुढचा नमुना मशीनला लावला. रडू येईल म्हणून वाट बघितली, आलं नाही. काहीच वाटत नव्हतं, आणि हात मात्र कामाला चुकत नव्हते.

संध्याकाळी नवजात विभागाच्या दाराबाहेर भाऊ बसला होता. पोरीला प्लेटलेट चढवल्या होत्या. डोक्याचा स्कॅन झाला होता, मेंदूत रक्त उतरलं होतं. गरोदरपणात आलेल्या त्या तापाच्या विषाणूनेच पोटात बाळाचं रक्त बिघडवलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. तपासणीला पाठवलं होतं. मेंदूतला रक्तस्राव पोटात असतानाचा की आज दुपारचा, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. भाऊ हे सगळं पाठ केल्यासारखं बोलला. मग त्याने तिचा हात हातात घेतला.

"तू खाली होतीस म्हणून निदान कळलं तरी, ताई. घरचं माणूस असलं की आधार असतो."

ती गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागणार होता? परतबाईच्या शेऱ्याला विचारतो कोण?

"बाराचा नमुना तिचाच होता," ती म्हणाली. "मी तपासून न बघता परत पाठवला. अडीच तास गेले."

त्याने हात सोडला नाही. बोलणं त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागत असावा.

"का?" त्याने विचारलं.

"तिला बघायला वर यायची घाई झाली होती."