सरांचा शब्द

जयसिंग खराडे सरांना कुणी जातीयवादी म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला कॉलेजच्या पायऱ्यांवरून खाली लोटलं असतं आणि आख्ख्या स्टाफरूमनं सरांचीच बाजू घेतली असती. कसबा बावड्याच्या ऊसवाल्या घरातला हा माणूस. रसायनशास्त्र शिकवायचा, मोठ्यानं बोलायचा, त्याहून मोठ्यानं हसायचा आणि पोरांवर जीव टाकायचा. "शाहू महाराजांच्या गावातला हाय मी. माझ्या वर्गात जात चपलांसंगं भाईर ऱ्हाती," हे दरवर्षी पहिल्या तासाला ऐकवायचे. आणि ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणारा कधीतरी सापडतो तरी. खरं मानून बोलणाऱ्याला कोण धरणार?

सत्त्याण्णव साली सरांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी होता प्रसेनजीत, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. नुसत्या नावावरूनच बौद्धाघरचं पोर म्हणून कळायचं. हुपरीहून एसटीनं यायचा. बाप लवकर गेलेला, आई तानाबाई चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडून देण्याची मजुरी करायची. पोरगा हुशार म्हणजे हुशार. वर्गात कायम पहिला. सरांनी त्याला स्वतःची पुस्तकं दिली, प्रयोगशाळेची किल्ली दिली, आपल्या डब्यातली भाकरी दिली. दुसऱ्या कुणाला एवढं केलं नाही.

त्याच वर्षी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या मालकांचा फोन आला.

"सर, ओतीव लोखंड तपासायला लॅबमधी एक पोरगं पायजे. पहिला आलेलाच द्या. तुमचा शब्द बास."

"पहिला हाय की माझ्याकडं. नुसता हिरा!" सर म्हणाले. "पण तो तुमच्याकडं टिकायचा न्हाई. त्येला सरकारी नोकरी मिळणार. तुमी शिकवून तयार करशीला आणि तो जाईल उडून. त्यापेक्षा दुसरं चांगलं पोरगं देतो."

फोन ठेवताना सरांना छान वाटत होतं. अवघड गणित तोंडी सुटल्यासारखं.

शिपायाकडून बातमी फुटली होती. दुपारी प्रसेनजीत टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"सर, ती कागलची जागा... मला मिळाली तर बरं हुईल. आईचे डोळे गेल्यात आता. घुंगरू दिसत न्हाई तिला."

सरांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लेका, तुला कशाला ते भट्टीचं काम? तुला राखीव जागा हाय, वर पहिला नंबर हाय. तू साहेब होणार! धीर धर जरा."

सरांच्या मायेला पोरगं काय बोलणार? "व्हय सर," म्हणाला आणि गेला.

जागा मिळाली सूरजला. वर्गात चौथा-पाचवा, शेतकऱ्याचा मुलगा, वागायला गरीब. रात्री जेवताना सरांनी बायकोला, अक्षताला, सगळं कौतुकानं सांगितलं. "आपल्या पोरांना कोण हाय गं? त्यांचं आपुनच बघायला पायजे."

"आणि प्रसेनजीत आपला न्हवं?" अक्षतानं भाजी वाढता वाढता विचारलं.

"तो तर आपलाच! म्हणून तर त्येला मोठ्या जागंवर बघतोय." सरांना तिच्या प्रश्नाचा रागच आला. बायकांना सगळ्यात खोट दिसते, असं म्हणून त्यांनी भात मागितला.

पुढं काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही, भोगायला लागला. प्रसेनजीतनं सरकारी परीक्षा दिल्या. कधी भरतीच थांबली. कधी मुलाखत झाली आणि यादी कुठल्या फायलीत दबली कुणाला कळलं नाही. एका वर्षी नाव लागलं, पण ती जागाच रद्द झाली. सरांना तो स्टँडवर भेटायचा. "काय रे, झालं का?" "अजून न्हाई सर." "हुईल की! तुझं न्हाई हुणार तर कुणाचं?" असं म्हणून सर पाठीवर थाप मारायचे आणि खुशीत घरी यायचे. मधल्या काळात साखर कारखान्याच्या लॅबसाठी विचारणा झाली, एका औषध कंपनीची झाली, डेअरीची झाली. सरांनी दर वेळी कुणाचं तरी नाव दिलं. प्रसेनजीतचं नाव त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्याचं तर होणारच होतं ना! मग स्टँडवर तो दिसेनासा झाला आणि सर समजले, लागला असेल कुठंतरी साहेब होऊन.

दोन हजार पाच साली सर तिसऱ्या वर्षाची मुलं घेऊन त्याच फौंड्रीत गेले. दरवर्षी कुठला ना कुठला कारखाना दाखवावा लागायचा. सूरज आता लॅबचा प्रमुख होता. पोट सुटलेलं, खिशाला दोन पेनं. सरांच्या पाया पडला. भट्टी दाखवली, लॅब दाखवली, मुलांना चहा दिला. सरांची छाती फुगून आली. हे झाड आपण लावलं, असं त्यांनी मुलांना ऐकवलंसुद्धा.

"त्या शेडमधी काय चालतंय?" सरांनी विचारलं.

सूरज अडखळला. "तिकडं नको सर. फेटलिंग हाय. कास्टिंगच्या कडा घासत्यात. लई धूळ."

"अरे, धूळ बघितल्याबिगर कारखाना कसा कळंल पोरांना?" म्हणत सर पुढं निघालेच.

शेडमध्ये आवाजानं कान फुटत होते. तोंडाला फडकी बांधलेली माणसं ग्रायंडर घेऊन ओणवी झाली होती. केस, भुवया, हात, सगळ्यांचं सगळं एकाच राखाडी रंगाचं. त्यांतल्या एकानं सरांना बघून झटकन पाठ फिरवली. त्या फिरण्यामुळंच सरांचं लक्ष गेलं. ते पुढं वाकले. फडक्यावरचे डोळे त्यांनी ओळखले.

"प्रसेनजीत?"

"सर, चला की," सूरजनं त्यांचा दंड धरला. "चला म्हणतोय न्हवं मी."

पण सरांचं काळीज भरून आलं होतं, आणि काळीज भरून आलं की सरांचा आवाज चढायचा. त्यांनी हात सोडवून घेतला, मुलांना जवळ बोलावलं आणि त्या कल्लोळावर ओरडून म्हणाले, "बघा रे! हा माझा विद्यार्थी! बी.एस्सी.ला वर्गात पहिला! असा हुशार पोरगा मी परत बघितला न्हाई. आणि कुठं बसवलंय बघा त्येला!"

एकेक ग्रायंडर बंद पडला. कोपऱ्यातून ठेकेदार गुंडूअण्णा उठून आला. पान थुंकून त्यानं शांतपणे विचारलं, "बी.एस्सी.? मला धावी नापास म्हणून सांगितलंतंस न्हवं?"

प्रसेनजीतनं ग्रायंडर खाली ठेवला.

"मी शिकलेला गडी ठेवत न्हाई, ठावं हाय न्हवं? मागल्या खेपेला एका बी.कॉम.वाल्यानं कामगार हापिसात माझ्याव अर्ज केलता. ह्या आठवड्याचा पगार घे. उद्यापास्नं येऊ नगंस."

सर मध्ये पडले. विनवणी केली, मग दरडावलं, मग परत विनवणी केली. गुंडूअण्णा "पावणं, तुमी तुमची शाळा बघा," एवढंच म्हणून गेला. सूरज खाली मान घालून उभा होता. त्याला तीन वर्षं माहीत होतं आणि त्यानं तीन वर्षं तोंड मिटून ठेवलं होतं.

प्रसेनजीतनं फडकं सोडलं. फडक्याखालचा चेहरा तेवढा माणसाच्या रंगाचा होता.

"अरे, मला एका शब्दानं सांगायचं होतंस," सर कळवळून म्हणाले. "मी मालकांना तुझं नाव दिलं असतं."

"दिलतासा की सर. दोनदा आलतो मी हितं, लॅबसाठी. मालक म्हणालं, खराडे सरांनी सांगितलंय, ह्येला सरकारी मिळणार, टिकायचा न्हाई. तुमच्या शब्दाला लई मान हाय हितं." त्याचा आवाज चढला नाही. "मग ठेकेदाराकडनं आलो. तिथं तुमाला कोण वळखत नव्हतं."

सरांनी मागं वळून बघितलं. पाठीमागं मुलं उभी होती, वह्या उघड्या धरून.

"मी आत्ताच जातो मालकांकडं. पाया पडतो त्यांच्या. तुझ्यासाठी..."

"नको सर." प्रसेनजीतनं हात जोडले. हातांवरची पूड खाली पडली. "दुसऱ्या कुणी वाईट केलं असतं तर मी भांडलो असतो. तुमी माया केलीसा, तुमच्याशी कसं भांडू? घरात दोन लेकरं हायती माझी. आता माझ्यासाठी काय बी करू नगासा."

तो डबा उचलून फाटकाकडं चालू लागला. सरांना वाटलं, धावत जावं, त्याला थांबवावं, काहीतरी करावं. एक पाऊल त्यांनी टाकलंही. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या मायेची भीती वाटली, आणि तो फाटकाबाहेर जाईपर्यंत ते जागचे हलले नाहीत.