इंदूची जागा

सुरभीने चुन्याच्या फक्कीची पिशवी काखेत धरली आणि करंजाच्या मुळापासून कातळापर्यंत पांढरी रेघ ओढत नेली. मग त्या रेघेला काटकोनात आखूड रेघा मारल्या. प्रत्येक दोन रेघांमध्ये एक बाई बसून धुणं धुवू शकेल, एवढी जागा. पेज नदीच्या काठचे धुण्याचे दगड गेल्या पुरात वाहून गेले होते. तिथे आता सिमेंटचा घाट व्हायचा होता, आणि सुरभीच्या संस्थेची पद्धत अशी, की कागदावर काही काढण्याआधी घाट जमिनीवर खराखुरा आखायचा, बायांना त्यात बसवायचं आणि नुसतं बघत राहायचं.

"बसा आता. रोज बसता तशाच."

"पानी नाय, साबन नाय, आन धुवा म्हनं," जनी म्हणाली. "नवऱ्यानं बघितलं तर म्हनंल, बाय कामातनं गेली."

"तुज्या नवऱ्यानं तुला धुताना बघितलंय कदी?" शकूकाकीने विचारलं. बाया हसल्या, आणि हसत हसतच ज्या त्या जागी जाऊन बसल्या. कोणी कोणाला विचारलं नाही.

संतोष टेप घेऊन चौकटी मोजत होता. तो संस्थेत नवा होता, गाव त्याला माहीत नव्हतं. शकूकाकी आणि जनी यांच्यामध्ये येऊन तो थांबला.

"इथली एक रिकामी राहिली."

संजना मागे उभी होती, कमरेवर बादली घेऊन. माघात लग्न होऊन आलेली. तिला बसायला जागा उरली नव्हती. एका बाजूला करंज, दुसऱ्या बाजूला कातळ. घाट त्याहून लांब होणार नव्हता.

"ताई, बसा की इथं," संतोष म्हणाला.

संजना हलली नाही. बाया नदीकडे बघू लागल्या.

"ती इंदूची जागा हाय," शकूकाकी म्हणाली. मग सुरभीकडे वळून, "सांगितलं नायस व्हय गं त्याला?"

सुरभीने सांगितलं नव्हतं. इंदू तिची आई. त्या जागेवर आईच्या पाठीला पाठ लावून ती लहानपणी पाढे म्हणत असे. वडील गेल्यावर तिने आईला शेलूच्या फ्लॅटमध्ये नेलं, आणि शिमग्यात आई तिथेच वारली. गावात फक्त निरोप आला होता.

"सासूची जागा सुनंला," जनी संतोषला समजावू लागली. "सून नसली तर लेकीनं दुसरीला हात धरून बसवायची. तवर रिकामीच. ही संजना बिचारी ढोरांच्या पाण्यात धुती, दुपारच्या उन्हात."

सुरभीकडे कोणीच बघितलं नाही.

"आधी बाकीच्या जागांचं बघू," सुरभी म्हणाली.

बायांनी सुकी लुगडी घेतली आणि सुक्या जमिनीवर घासायला सुरुवात केली. सुरभी गुडघे, कोपर, बादल्यांची जागा बघत होती. शकूकाकीने पिळा डाव्या हाताला ठेवला आणि मान न वळवता रिकाम्या चौकटीकडे बोलली,

"पानी येतंय तर येऊं दे. काल तुजं पानी माज्या पिळ्यावर आलं, तवा मी बोलले का?"

सुरभीचं बघणं तुटलं.

शेलूला आई बाथरूमचं दार अर्धं उघडं ठेवून, उकिडवी बसून धुणं धुवायची. 'अगं, तुजं पानी येतंय माज्या पिळ्यावर,' असं म्हणायची, उत्तराला थांबावं तशी थांबायची, आणि हसायची. सुरभी बाहेर चहाचा कप घेऊन उभी असायची. आधी तिला वाटलं, फोन आहे. मग ती आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मग मशीन आलं. त्यानंतर आई स्टुलावर बसून त्याच्या गोल काचेत कपडे फिरताना बघायची, हात मांडीवर ठेवून. एक शब्द नाही. सुरभीला तेव्हा बरं वाटलं होतं.

"काकी, कोणाशी बोलताय?"

"इंदूशी. आनी कोनाशी?"

जनी या वेळी हसली नाही.

"शेलूला गेली तरी येत होती सकाळची," शकूकाकी लुगडं उलटं करत म्हणाली. "बोलायचो आमी. मग दोन वरसं गपच झाली. काय झालं, कोनास ठावं. मला वाटलं, माजाच राग आला. आता शिमग्यापासनं परत बोलती."

फक्कीची पिशवी सुरभीच्या हातात कलली. तिच्या पावलांवर पांढरं सांडत राहिलं.

"काय बोलते?"

"तुला गं कशाला? बायांचं असतं ते."

सुरभी त्या चौकटीच्या कडेला जाऊन बसली. मान थोडी कलती केली. करंजाखालून पाणी चाललं होतं. पलीकडच्या रस्त्याने एक टेंपो गेला. तो दूर गेल्यावर तिने पुन्हा मान कलती केली. पाणी चाललं होतं. तिला कोणी उठ म्हणालं नाही. संजनाने बादली कमरेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर घेतली.

बऱ्याच वेळाने सुरभी उठली. हात ओढणीला पुसले, तरी फक्की गेली नाही. तशाच पांढऱ्या हाताने तिने संजनाचं मनगट धरलं. काचेच्या बांगड्या वर सरकल्या.

"बस," ती म्हणाली. "बस गं. तुझी जागा."

संजना बसली. बादली पुढ्यात ठेवली. शकूकाकीने लुगडं घासायचं थांबवलं होतं. जनी नखाने जमिनीवर काहीतरी खरवडत होती. संतोष वाकून टेपवरचा आकडा वाचत होता, आणि कोणीच काही बोलत नव्हतं.

संजनाने मान वर केली. बाजूला बघितलं, जिथे तिच्या आणि रेघेच्या मध्ये कोणी नव्हतं. मग तिने साडी गोळा केली.

"हां, सरकते," ती हळू आवाजात म्हणाली, आणि सरकली.