फळ्यांवरचं पहिलं पाऊल

थान गुइश्यांग म्हातारीनं आयुष्यात पहिल्या भेटीत एकाच माणसावर विश्वास टाकला होता. तो तिचा नवरा झाला, आणि त्यानंतर तिनं ती सवय सोडली. त्यामुळे ओढ्यापलीकडच्या वाटेवर, पाठीवर डोक्याहून उंच पिशव्या घेतलेली दोघं दिसली तेव्हा कापराच्या झाडामागून तिनं आधी त्यांचे बूट पाहिले. बूट महाग होते, पण चिखल खरा होता. बुटांवर माणूस चिखल मुद्दाम लावत नाही. इथवर ठीक.

म्हातारी तीन दिवसांपासून त्या झाडामागे बसून होती. तिची सात महिन्यांची नात अंग धरत नव्हती. दिवेलागणीला रडायला सुरुवात करायची ती कोंबडा आरवेपर्यंत. तालुक्याच्या डॉक्टरनं तीनदा तपासलं, दोष काही सापडला नाही, पावडरीच्या पुड्या दिल्या. शेवटी लिआव गुरुजींनी पत्रिका पाहून सांगितलं, की पोरीला तिचं नाव धरून ठेवत नाहीये. ओढ्यावर नव्या फळ्या टाका. तीन दिवसांत जो पहिला त्यावरून येईल, तो तिचा मानलेला बाप. त्याचं आडनाव लावून तिला नवं नाव द्या. हाक मारून बोलवायचं नाही, माणूस निवडायचा नाही. आला तो आला.

म्हातारीनं देवदाराच्या तीन फळ्या टाकल्या, कडेला लाल कापड बांधलं आणि अंडी लाल रंगवून टोपलीत भरली. पण डोंगरापलीकडून मोठा रस्ता झाल्यापासून या वाटेनं कोण येतंय? पहिल्या दिवशी शेजाऱ्यांचा कुत्रा आला. त्याचा पंजा फळीला टेकायच्या आत तिनं दगड मारला. दुसऱ्या दिवशी वारा सोडून काही आलं नाही. आज तिसरा दिवस. अंगणातली सावली उंबऱ्याला टेकली की मुहूर्त संपला. पुढचा एकदम वसंतात, आणि तोवर ते पोर तग धरेल असं म्हातारीला वाटत नव्हतं.

खरं सांगायचं तर आज सकाळी एक माणूस फळ्यांवरून येऊन गेला होता. म्हातारीनं तो धरला नव्हता, एवढंच.

तो लेइ देफू. खालच्या वाडीचा, गावोगाव फिरून डुकरं खच्ची करणारा. डाव्या हाताला तीनच बोटं, लग्न नाही, मूलबाळ नाही, आणि तो गल्लीत शिरला की प्रत्येक गोठ्यातलं डुक्कर बोंब ठोकतं. धुक्यातून तो येताना दिसला तशी म्हातारी झुडपात शिरली, श्वास रोखून बसली, आणि त्याची पाठ वळणाआड गेल्यावर बाहेर आली. मी पाहिलंच नाही, तर तो आला कसा? असा तिचा युक्तिवाद. सूनबाई चायुनलाही तिनं हे सांगितलं नव्हतं.

आता ही दोघं. पोरगा पुढे, पोरगी मागे. ओढ्याशी पोरगी थबकली.

"थांब. फळ्या कोऱ्या आहेत."

"मग?"

"एवढ्या जुन्या वाटेवर कोऱ्या फळ्या? वर लाल कापड? कुणी टाकल्या?"

"ग्रामसमितीनं टाकल्या असतील."

"राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत? तुला स्वतःला तरी पटतंय का?"

पोरगा हसला आणि फळीवर चढला. त्याचा बूट अलीकडच्या मातीला लागला मात्र, म्हातारीनं फटाक्यांची माळ पेटवली. पोरगा पिशवीसकट आडवा झाला.

"आला! आला!" म्हातारीनं त्याचं मनगट धरलं. "ऊठ बाळा. नाव काय तुझं? आडनाव आधी सांग. गाव कुठलं? कुठल्या सालचा जन्म? आईबाप आहेत ना दोघं?"

पोरगी फळ्यांवरून धावतच आली. "काही सांगू नकोस! हेच विचारतात. आधी जन्मतारीख, मग फोनवर आकडा येतो, मग खातं रिकामं."

"आजी, आम्हाला काही विकत घ्यायचं नाही हो," पोरगा अंग झटकत म्हणाला.

"विकतंय कोण? अंडं खा."

"कितीला?"

"फुकट रे. घरी कोंबडा शिजतोय, तोही तुझाच."

हे ऐकून दोघांचेही चेहरे आणखी उतरले. सुट्टीच्या आठवड्यात साध्या गरम पाण्याचेही पैसे मोजलेली माणसं ती. फुकटचा कोंबडा म्हटल्यावर घाबरणारच.

म्हातारीनं सगळं उलगडून सांगितलं. नात, रडणं, फळ्या, मानलेला बाप. "तुला काही करायचं नाही. नाव द्यायचं, दोरा बांधायचा, जेवायचं, जायचं."

"मानलेला बाप म्हणजे दर नववर्षाला पैशांचं पाकीट पाठवायचं," पोरगी पुटपुटली. "आणि आजारपणात फोन."

पोरग्यानं क्षणभर म्हातारीकडे पाहिलं. म्हातारे डोळे, लाल अंडी, फटाक्यांचा धूर. मग तो म्हणाला, "काओ. काओ झिगांग. हांगचौचा."

"आणि ही बायको?"

"हो," पोरगा म्हणाला.

"नाही," पोरगी म्हणाली. "म्हणजे, अजून नाही. मी फांग रुइ."

हा घोळ म्हातारीनं सोडून दिला. आजकाल असतं. पण दुसरी एक गोष्ट तिनं टिपून ठेवली. पोरग्यानं नाव सांगितलं तेव्हा पोरीच्या भुवया वर गेल्या होत्या. सोबतच्या माणसाचं नाव ऐकून कोण चकित होतं?

घरी चायुननं टेबलावर लाल कागद आणि पेन तयार ठेवलं होतं. पोर तिच्या पाठीवर झोळीत होतं. एवढंसं तोंड, त्यात मोठे डोळे.

"काओ ना?" चायुननं पेन उचललं. "लिहू?"

"थांब जरा," म्हातारी म्हणाली आणि चुलीकडे गेली. तिथून तिनं सहज आवाज टाकला, "काओ, बाळा, ते स्टूल सरकव रे."

पोरगा अंगणात उभा राहून डोंगराचा फोटो काढत होता. हलला नाही.

"काओ! मीठ जास्त चालतं का?"

फोटो चालूच.

"काओ झिगांग!"

पोरीनं त्याला कोपरानं ढोसलं तेव्हा तो वळला. "हं? हो, हो आजी!"

म्हातारीनं रश्शाची पळी खाली ठेवली. हाक मारल्यावर ज्याचा मालकच वळत नाही, ते नाव तिच्या नातीला कसं धरून ठेवणार? कोंड्याची बादली घेऊन ती डुकराच्या गोठ्याकडे निघाली. गोठ्याच्या भिंतीआडून अंगणातलं सगळं ऐकू येतं, हे घरात तिलाच ठाऊक होतं.

"कुठून आणलंस ते नाव?" पोरगी दबक्या आवाजात विचारत होती.

"आमच्या साहेबाचं. सुट्टीतही कामावर बोलावत होता ना, त्याचंच तोंडात आलं."

"इतक्या पटकन? पापणी हलली नाही तुझी."

"तूच तर म्हणालीस, काही सांगू नकोस!"

"सांगू नकोस म्हटलं होतं. खोटं बोल असं नव्हतं म्हटलं. थापा अशा सहज जमतात तुला? मागच्या महिन्यात तीन दिवस कामाचं मुक्कामी प्रशिक्षण होतं म्हणालास, ते खरंच होतं का?"

"तो विषय आत्ता कुठून आला?"

म्हातारीनं बादली रिकामी केली. पोरीची बुद्धी चांगली होती. संशय एकदा घरात शिरला की प्रत्येक खोलीत डोकावतो, हे तिला विशीत कळलं होतं. म्हातारीला कळायला चाळिशी लागली. पण सावली उंबऱ्यापासून चार बोटांवर आली होती, आणि चायुनच्या पाठीवरचं पोर कुरकुरायला लागलं होतं. पोरग्याला झापायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. झापणार कुठल्या तोंडानं? तिनं वरच्याला फसवून माणूस निवडला. वरच्यानं तिला निवडलेल्या माणसाचं फसवं नाव दिलं. वजनाला वजन बरोबर होतं.

ती अंगणात आली. "तू काओ नाहीस."

पोरग्याचे कान लाल झाले. "आजी, त्याचं असं आहे..."

"गप. आधी माझं ऐक. तू पहिलाही नाहीस. सकाळी लेइ देफू येऊन गेला. मी झुडपात लपले."

चायुनच्या हातातलं पेन पडलं. "लेइ काका? आई, अहो!"

"तीन बोटांचा माणूस, चूल थंड, घरात कुणी नाही. म्हटलं, शहरातला कुणी आला तर..."

"आपल्या सगळ्या डुकरांना त्यांचा हात चालतो," चायुन म्हणाली, "नातीला चालत नाही होय?"

सुनेनं सासूला इतकं स्पष्ट बोलण्याची ती घरातली पहिलीच वेळ. म्हातारीनं कोंबड्याचं भांडं उचलून त्या पोरग्याच्या हातात दिलं. "खालची वाडी पाव तासावर आहे. पळता येतं का?"

पिशव्या अंगणातच टाकून सगळी वरात उतारावरून निघाली. पुढे चायुन पोर, लाल कागद, पेन आणि दोरा घेऊन, मागे रस्सा सांडू नये म्हणून पाय फाकवून पळणारा पोरगा. त्याच्यामागे ती पोरगी, "चला, हे तरी शेवटपर्यंत बघू" म्हणत. सगळ्यांच्या मागे म्हातारी.

लेइ देफू नळाखाली सुऱ्या धूत बसला होता. भांड्याचं झाकण उघडून त्यानं वास घेतला, आणि भांडं दूर सरकवलं.

"थान वहिनी, कशानं मेला हा कोंबडा?"

"सुरीनं मेला! चांगला आहे."

"मग मला का?"

म्हातारीनं सांगितलं. झुडपाचंही सांगितलं. लेइनं मान डोलावली.

"झुडपात तुम्ही होतात होय. श्वास ऐकू येत होता. म्हटलं, कुणी बाई आडोशाला बसली असेल. मान खाली घालून पुढे गेलो." मग त्यानं हात पुसले, दोनदा पुसले. "लेइ देफू. बारा जनावरांच्या सालांतला डुकराच्या सालचा जन्म. आईबाप दोघंही नाहीत. एवढ्यावर चालेल का?"

कशासाठी, किती वर्षं, खर्च किती, यातलं त्यानं काहीच विचारलं नाही. त्याच्या अंगणात सावली अजून उंबऱ्याला टेकायची होती. म्हातारीनं स्वतः वाकून पाहिलं. चायुननं भिंतीवर कागद धरून लेइचं आडनाव लिहिलं, आणि त्याखाली तो म्हणाला ते नाव, आनयू. तीन बोटांनी त्यानं बाळाच्या मनगटाला दोरा बांधला. गाठ पक्की बसली. जनावरं बांधून हात तयार होता त्याचा.

पोरीनं मात्र असा टाहो फोडला, की दोन घरांपलीकडची डुकरंही ओरडायला लागली.

"आवाज खणखणीत आहे," लेइ जाणत्यासारखा म्हणाला. "असा आवाज असलेलं जगतं. गप्प बसणाऱ्याची मला भीती वाटते."

म्हातारीनं तोंड फिरवून नाक शिंकरलं.

परत येताना पोरग्यानं न विचारता सांगितलं, "आजी, मी निए. निए योंगनिंग." म्हातारी "असशील" एवढंच म्हणाली. जेवून, पिशव्या चढवून दोघं ओढ्याकडे निघाली. पोरग्यानं पिशवीतला पत्र्याचा मग छोट्या आनयूसाठी ठेवला होता.

फळ्यांच्या मध्यावर दोघं पोचली तेव्हा म्हातारीनं कापराच्या झाडाखालून अचानक हाक मारली, "निए!"

पोरगा झटकन वळला. हात हलवला. खरं होतं तर.

"फांग रुइ!" म्हातारीनं पुन्हा हाक दिली.

पोरगी खाली बघत, जपून पावलं टाकत सरळ पुढे चालत राहिली.

तिनं हे नाव सांगितलं तेव्हा पोरग्याच्या भुवया मात्र हलल्या नव्हत्या. पोरगा अजून हात हलवत होता. त्याला सांगावं का, असं म्हातारीला वाटून गेलं. मग टोपलीत उरलेलं शेवटचं अंडं सोलून खात ती घराकडे वळली.