सीदी दाफींची तापलेली भिंत

"भिंत तापली! बाबा जागे आहेत!"

कबरीचा रखवालदार मुकद्दम अल्लालने आरोळी ठोकली आणि कबरीच्या दालनातली गर्दी पुढे लोटली. कुणाच्या हातात मेणबत्त्या, कुणाच्या काखेत काळा कोंबडा, कुणाच्या छातीशी निळ्या कागदातला साखरेचा सुळका. फेस शहरातला आमचा हा बोळ इतका अरुंद, की लादलेलं गाढव आलं तर माणसानं भिंतीत शिरावं. बोळाच्या टोकाला सीदी दाफी अवलियांची कबर, आणि कबरीमागे ती भिंत. जवळपास ना चूल ना निखारा, तरी ऐन थंडीत तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखी ऊन.

"हात लावा, हात लावा! भिंत नव्हे ही, बाबांची छाती आहे!" अल्लालचा आवाज चढला. "आत जिनाशी झुंज चाललीय, म्हणून ताप! जिन हरला की भिंत गार. भिंत गार झाली की कुलूप उघडलं. माझ्या हातात काय आहे? मी तर नुसता किल्लीचा हमाल!"

हमाल चांगला गुबगुबीत होता.

ते कुलूप भिंतीलगतच्या कोठडीला होतं. जाळीच्या दाराआड शामा नावाची कोवळी पोर बसली होती. दाताखाली आलेला ओठ सुजलेला, नजर विझलेली. तिला फेफरं यायचं. जिन लागला म्हणून तिची आई, लल्ला बतूल, तिला इथं घेऊन आली होती. आता ती माउली दारातच बसून होती. भिंतीवर तळवा ठेवायची, उचलायची, पुन्हा ठेवायची. गार कुठली व्हायला!

मी तामू, याच शहरातली वाटाडी. त्या दिवशी माझ्याबरोबर उज्दा शहरातल्या डॉक्टर किन्झा होत्या. "पाहुण्यांना दाखवत नाहीत ते दाखव," म्हणाल्या होत्या. त्या जाळीशी वाकल्या.

"गोळ्या घेत होतीस का गं, बाळ?"

"मुकद्दमांनी काढून घेतल्या." शामाचा आवाज जेमतेम आला. "सकाळपासून सारखं येतंय."

डॉक्टरबाई माझ्या कानाशी लागल्या. "तामू, हे असंच चालू राहिलं तर पोर हातची जाईल. आत्ता बाहेर काढायला हवी."

अल्लालने ऐकलंच. "बाईसाहेब, गोळी आणि बाबा एका घरात नांदत नाहीत! भिंत तापलेली असताना दार उघडलं तर जिन पोरीचा जीव घेऊनच बाहेर पडेल. घेता जबाबदारी?"

बतूलनं कुलपावर दोन्ही हात ठेवले. "नको हो, नका उघडू!"

पुढे कबर, मागे माणसांचा बांध. धुपानं श्वास कोंडला. मी डॉक्टरबाईंचा हात धरून कशीबशी बाहेर आले, तर बोळही बुजलेला. शेजारच्या दारातल्या म्हातारीनं आम्हाला आत ओढलं. "वर जा लेकींनो, वर वारा आहे."

आमच्याकडे छप्पर बायकांचं. पुरुष वर चढला तर शेजारणीच्या अंगणात डोकावल्याचा बोल लागतो, म्हणून पुरुषांना शहर ठाऊक ते बोळाबोळांचंच. बायका वर कपडे वाळत घालतात, काजळी पडली की धुराला शिव्या देतात आणि खाली उतरतात. मीही तशीच उतरत आले होते. आज मात्र पोरीचे डोळे सोबत वर आले होते. कबरीचा हिरवा घुमट दिसला, आणि घुमटाला पाठ लावून उभं असलेलं काळं धुराडं.

"हे कुणाचं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हमामाचं," मी म्हणाले आणि पायऱ्यांकडे धावले.

कबरीपासून हमामाला जायचं म्हणजे कमानीखालून वळा, पायऱ्या उतरा, विहिरीला वळसा घाला. सगळं गाव तिथं आंघोळीला जातं. इतकं चालून गेल्यावर आपण आलो त्याच भिंतीच्या मागे, असं कुणाच्या मनात यावं?

दालनात परत शिरून मी बतूलपाशी बसले. "मावशी, दार उघडू नकोस. नुसती माझ्याबरोबर हमामापर्यंत ये. लेकीसाठी ये."

भट्टीच्या खोलीत भट्टीवाला ऑलिव्हचा चोथा आगीत लोटत होता. राखेत एक मडकं पुरलेलं होतं.

"यात काय रे, दादा?"

"मुकद्दमांचा कोंबडा. रोज येतो एक शिजायला." तो हसला. "देवमाणूस! हा चोथाही तेच पाठवतात. म्हणतात, विस्तव कधी विझू देऊ नकोस."

बतूल पुढे सरकली. आगीपलीकडच्या काळ्या भिंतीकडे बघत राहिली. मग आगीला वळसा घालून भिंतीतल्या भेगेला तोंड लावलं आणि लेकीला थोपटताना गायची ती ओवी म्हटली,

"अंगणी डाळिंब, लाल फुलांचं झाड,
माझी गं चिमणी, बसे पानांआड."

भट्टी धुमसत होती. मग दगडांच्या सांधीतून, लांबून आल्यासारखा, कापरा सूर आला,

"पानांआड नाही, बसले दाराआड,
आई गं माझे आई, उघड हे कवाड."

बतूलनं भेगेवर कपाळ टेकलं. वळली तेव्हा कपाळाला काजळी होती, आणि ती आमच्या पुढे धावत होती.

"किल्ली," ती अल्लालला म्हणाली.

"बतूल, भिंत अजून गरम आहे!"

"असू दे गरम. पलीकडे आंघोळीचं पाणी तापतंय. तुझा कोंबडाही होत आलाय, जा, करपेल."

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग बायकांनी विचारलं, "कुठं गं? कुठली भट्टी?" आणि घोळकाच्या घोळका पायऱ्या उतरून बघायला गेला. रिकाम्या दालनात अल्लालने मुकाट्यानं किल्ली पुढे केली. दार उघडलं तोच शामाला पुन्हा फेफरं आलं. डॉक्टरबाईंनी तिला कुशीवर निजवलं, बोळाच्या तोंडाशी गाडी बोलावली. इस्पितळात ती शुद्धीवर आली, तेव्हा आईचा हात तिच्या हातात होता.

बायांनो, बाप्यांनो, भिंत ऊन लागली तर खुशाल नवल करा. पण नवल करून तिथंच बसू नका. उठा, वळसा घाला, पलीकडे काय आहे ते बघा. आणि बघेपर्यंत निदान कुणाच्या लेकराला कुलूप लावू नका. फेफरं हा मेंदूचा आजार आहे. त्याला डॉक्टर लागतो, औषध लागतं, आणि उशाशी बसलेलं आपलं माणूस लागतं.