द्रौपदीबाईंचा होकार

१९८६ साली प्रेमा मुलुंडच्या एका इस्पितळात मानसोपचाराचं प्रशिक्षण घेत होती. तिथल्याच शुश्रूषागृहात द्रौपदीबाई होत्या. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती, आणि बुद्धीही गेली असं सगळे धरून चालले होते.

प्रेमाला ते पटेना. गंमत सांगितली की बाईंचे डोळे हसायचे. तिने त्यांचा धड असलेला डावा हात हातात घेतला.

“हो असेल तर दाबा. तुम्ही सोनूबाई ना?”

हात सैलच राहिला.

“द्रौपदीबाई?”

बोटं घट्ट झाली. मग तिने उलटसुलट पुष्कळ विचारलं. एकही उत्तर चुकलं नाही.

“मॅडम, बाईंना सगळं समजतं. माझी खात्री आहे,” तिने वरिष्ठ सबनीस मॅडमना सांगितलं. त्यांनी स्वतः तपासून पाहिलं आणि म्हणाल्या, “बरोबर आहे तुझं. मुलाला तूच सांग.”

मुलगा जयवंत कांजूरमार्गहून आला. “तिला काय कळतंय, ताई? राहू दे इथेच.”

“मला नको, त्यांनाच विचारा. हो असेल तर त्या हात दाबतील.”

जयवंतने अवघडून आईचा हात धरला. “आई, इथेच राहतेस?” हात हलला नाही. “घरी येतेस?”

आईने इतक्या जोरात हात दाबला की तो दचकला, आणि तिथेच खाटेवर बसून रडला. त्या रविवारी त्याने आईला घरी नेलं.