बिनहँडलची गाडी

अभिरामच्या गाडीला हँडलंच नव्हती. बाहेरून नाही आणि आतूनही नाही. जुन्या गाडीचं छप्पर कापून त्यानं वीतभर खाली आणलं होतं, काचा पक्क्या बसवल्या होत्या आणि दारं घासून आरशासारखी गुळगुळीत केली होती. बटण दाबलं की दार आपोआप उघडायचं. सगळा खेळ विजेवर होता.

असल्या गाडीला वायरिंगही नवंच लागणार. त्यावरून उद्यमनगरातल्या संयोगिताच्या शेडमध्ये आठवडाभर वाद चालला. अभिरामला खोक्यातून येणारा तयार हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा बांधलेला जुडगा, हवा होता.

"अक्का, प्लग लावला की झालं! दिसायला पण कसला देखणा हाय."

"आणि एखादी वायर जळली की मला बोलावशील. कुठली वायर कुठनं कुठं गेलीया, ते मला कसं कळायचं? मी हातानं बांधते."

गेली पंधरा वर्षं संयोगिता गाड्यांचं वायरिंग करत होती. अखेर तिचंच खरं झालं. फळीवर खिळे ठोकून, गाडीच्या मापानं एकेक वायर ओढून तिनं हार्नेस बांधला आणि आज तो बसवायला घेतला. दारांच्या, ब्रेकच्या, हॉर्नच्या वायरी जोडून झाल्या. डॅशबोर्डची जोडणी राहिली होती. बॅटरी डिकीत होती. वायरला हात लावण्याआधी बॅटरीची काळी वायर काढायची, हा तिचा न मोडणारा नियम. ती काढून संयोगिता पाय पोटाशी घेऊन डॅशबोर्डखाली शिरली.

थोड्या वेळानं मागं धप्प आवाज झाला. डिकी लागली. ती "अरे" म्हणेपर्यंत डोक्याशी दारही लागलं.

पाठोपाठ बाहेर नारळ फुटला.

संयोगितानं आतून काचेवर मूठ आपटली. समोर अभिराम मोबाइल उंच धरून बॉनेटवरच्या कुंकवाच्या स्वस्तिकाचा फोटो काढत होता. आत माणूस हललेलं दिसलं तसा त्याचा हात खाली आला.

"अक्का! आत हाय तुम्ही? मला वाटलं, चहाला गेलाय!"

"दार कशाला लावलंस?"

"मग उघड्या गाडीपुढं नारळ फोडू व्हय? मावशीनं बारा पंचवीसचा मुहूर्त काढून दिलाय!"

त्यानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. बटण कसं चालणार? बॅटरी तोडलेली आणि ती बंद डिकीत. डिकीही बटणावरच उघडणारी, आणि सीटच्या मागं पत्रा वेल्डिंग केलेला.

एप्रिलचं ऊन होतं, वर शेडचा पत्रा. छप्पर इतकं खाली की संयोगिताला मान सरळ करता येईना. स्टिअरिंग बरगडीत रुतत होतं. काचेवर तिच्याच घामट तळव्याचे ठसे उमटले. लांब श्वास घ्यावा म्हटलं, तर आत येणारी हवा जणू आधीच कुणीतरी वापरून सोडलेली. लाथ मारावी म्हटलं, तर पाय मागं घ्यायलाही जागा नव्हती.

अभिराम हातोडा घेऊन आला. "काच फोडतो!"

"थांब! इथं तोंड कुठं फिरवू मी? सगळी काच डोळ्यांत जाईल. पाच मिनिटं बघू. न्हाय जमलं, तर मग फोड."

तिनं डोळे मिटले. आपण बांधलेला हार्नेस मनात फळीवर पसरला आणि एकेका वायरवरून बोट फिरवावं तशी ती निघाली. बाहेरून हात पोचेल अशी वायर कुठली? हेडलाइटची? नाही, तिची वाट स्विचपाशी मध्येच तुटते. हॉर्नची? तीही नाही. मागचा ब्रेक लाइट! बल्बापासून निघालेली वायर पेडलपर्यंत येते. पेडल दाबलं, की तिथून सरळ फ्यूजच्या डबीत. किल्ली लावलेली असो वा नसो. आणि दारांची वीज त्याच डबीतून जाते.

"अभिराम, हार्नेस तपासायला फळीवर ठेवलेली दुसरी बॅटरी घे. मागच्या दिव्याची काच दोन स्क्रूंवर हाय, ती काढ. काळी वायर बॉडीला लाव, लाल ब्रेकच्या बल्बाच्या जागी. मी सांगितल्यावरच."

"उलटी वीज चालती?"

"दिवा लावायला वीज जाती त्याच वाटनं परत येती. तिला काय, वाट मिळाल्याशी मतलब. पळ आता."

तिनं ब्रेकवर पाय दाबला. "लाव!"

गाडीतला दिवा क्षणभर उजळला आणि विझला. दार हललंही नाही.

"काय झालं, अक्का?"

"फ्यूज गेला. सगळ्यांनी एकदम तोंड लावलं." एका बारीक वाटेवर सगळी गाडी पाणी प्यायला उतरली होती. तिनं डबी चाचपली. दाराचा तेवढा ठेवून बाकीचे फ्यूज उपटले. हॉर्नचा ब्रेकच्या जागी बसवायला गेली, तर घामेजल्या बोटांतून तो निसटून सीटखाली गेला. वाकायला जागा नव्हती. तिला रडू आलं. मग तिनं वायपरचा घेतला, पदराला पुसला आणि दोन्ही हातांनी दाबून बसवला.

"लाव!"

एका पायानं ब्रेक दाबून तिनं दाराचं बटण दाबलं. टक्. दार चार बोटं उघडलं.

तिनं आधी नाक बाहेर काढलं, मग डोकं, मग उरलेली संयोगिता. जमिनीवर बसून ती बराच वेळ नुसता श्वास घेत राहिली. अभिरामनं पाण्याचा तांब्या पुढं धरला.

"चुकलं माझं, अक्का. पण तुमचं वायरिंग नाद खुळा!"

"माझं तोंड उघडायला लावू नकोस. सायकलच्या ब्रेकची केबल घेऊन ये जा. दोन्ही दारांना आतनं ओढायची दोरी बसवायची."

"दोरी? दिसंल की ती!"

"मग गाडी घेऊन जा."

अभिराम गुमान गेला. तासाभरानं केबल घेऊन परतला, तर संयोगिता पुन्हा डॅशबोर्डखाली होती आणि गाडीचं ते आरशासारखं दार बिजागरीतून काढून शेडच्या भिंतीला टेकवलेलं होतं.

"दार का काढलं, अक्का?"

"काम होईस्तवर ऱ्हाऊ दे तिथंच," आतून आवाज आला. "आणि त्या भिंतीकडं जाऊ नकोस."